पीएचवरून सौम्य आम्लाचा केए: ‘क्ष’ कधी वजा करायचा आणि कधी सोडून द्यायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ०.१० मोलर असेटिक आम्लाचा पीएच २.८८ दिला आहे आणि केए, म्हणजे आम्लाचा विचरण स्थिरांक, काढायचा आहे. वर्गातल्या एकाने छेदात ०.१० तसाच ठेवून १.७४ × १०⁻⁵ काढला, दुसरीने ०.१० मधून क्ष वजा करून १.७६ × १०⁻⁵. यातलं बरोबर कोणतं? दुसरं, ०.०१० मोलर क्लोरोअसेटिक आम्लाला वर्गमुळाचं सूत्र लावलं तर पीएच २.४३ येतो, पण उत्तरसूचीत २.५१ आहे. आणि तिसरं, प्रॅक्टिकलला ०.१० मोलर असेटिक आम्लाचा पीएच २.७२ मोजला गेला आणि केए दुपटीहून जास्त निघाला. तो का?

या तिन्हींत आधी एकच गोष्ट विचारावी लागते: गणित कोणत्या दिशेने चाललंय? पीएचकडून केएकडे, की केएकडून पीएचकडे?

पीएच दिलेला असेल तर सोडवण्यासारखं समीकरण उरतच नाही. क्ष म्हणजे विचरण झालेल्या (आयनांत तुटलेल्या) आम्लाची संहती, आणि ती पीएचने आधीच सांगून टाकलेली असते. राहते फक्त एक वजाबाकी. तरीही मुलं ‘येथे क्ष नगण्य मानू’ असं लिहून पुढे जातात, कारण ते वाक्य पाठ झालेलं असतं. ज्या गणितात क्ष अज्ञात आहे आणि वर्गसमीकरण टाळायचंय, तिथे त्या वाक्याचा उपयोग आहे. इथे टाळायला काहीच नाही. म्हणून वजा करणारीचं बरोबर.

मांडणी एकदा पूर्ण करून बघू. सौम्य आम्लाला एचए म्हणू. पाण्यात त्याचे थोडेच रेणू प्रोटॉन सोडतात आणि हायड्रोनियम व ए⁻ असे आयन तयार होतात. समतोल झाल्यावर

केए = [हायड्रोनियम] × [ए⁻] ÷ [एचए]

सुरुवातीला एचए ०.१० मोलर, बाकी दोन्ही शून्य. पाण्याचे स्वतःचे हायड्रोनियम आयन असतात, पण इथे ते इतके कमी आहेत की विसरलेले चालतात. कुठे चालत नाही ते शेवटी बघू. समतोलाला हायड्रोनियम क्ष, ए⁻ क्ष आणि एचए ०.१० − क्ष.

आता क्ष काढायचा. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, लॉग टेबल असतं, आणि सगळ्यात जास्त गुण याच पायरीवर जातात. पीएच म्हणजे हायड्रोनियमच्या संहतीचा ऋण लॉग, म्हणून क्ष हा ऋण २.८८ चा अँटिलॉग. त्यासाठी टेबलात .८८ बघायचं नाही, कारण अपूर्णांकाचा भाग धन हवा. ऋण २.८८ म्हणजे ऋण ३ अधिक ०.१२, म्हणजेच ‘बार ३ पॉइंट १२’. .१२ चा अँटिलॉग १.३१८, म्हणून क्ष = १.३१८ × १०⁻³ मोलर. चुकून .८८ बघितलं तर ७.५८६ मिळतं, आणि त्यापुढची आकडेमोड कितीही नीट केली तरी केए तीसपटीहून जास्त चुकतो.

केए = (१.३१८ × १०⁻³)² ÷ (०.१० − ०.००१३)
= १.७३७ × १०⁻⁶ ÷ ०.०९८७
= १.७६ × १०⁻⁵

अंतिम उत्तर म्हणून १.८ × १०⁻⁵ लिहा. २.८८ मधला २ फक्त दहाचा घात सांगतो. मोजमापाची माहिती दशांशचिन्हानंतरच्या दोन अंकांत आहे, म्हणून केएतही दोनच सार्थ अंक. गंमत म्हणजे वजा न करणाऱ्याचं १.७४ असं दोन अंकांत आणलं की १.७ होतं. बहुपर्यायी प्रश्नात हे दोन्ही पर्याय शेजारी ठेवलेले दिसले, तर प्रश्न काढणाऱ्याला नेमकं हेच तपासायचंय असं समजा.

आता उलट दिशा. केए आणि संहती दिली आहे, पीएच काढायचाय. संहतीला सी म्हणू. केए = क्ष² ÷ (सी − क्ष) यात आता क्ष खरोखर अज्ञात आहे. सरळ सोडवलं तर वर्गसमीकरण येतं:

क्ष² + केए × क्ष − केए × सी = ०

क्ष हा सी च्या मानाने फार छोटा असेल तर छेदात सी − क्ष ऐवजी नुसता सी ठेवला की झटकन क्ष = √(केए × सी) मिळतो. प्रश्न इतकाच की ‘फार छोटा’ म्हणजे किती? याच सूत्राला सी ने भागलं की विचरणाचं प्रमाण √(केए ÷ सी) येतं. ते ५ टक्क्यांच्या आत राहायला सी ÷ केए किमान ४०० हवा. काही पुस्तकं ५०० म्हणतात, काही १०००. पाच टक्के हा काही निसर्गनियम नाही, पण तो अगदीच हवेतूनही आलेला नाही. विचरण ५ टक्के असताना छेदातली चूक ५ टक्क्यांची, ती वर्गमुळाखाली गेली की निम्मी होते, म्हणून क्ष साधारण अडीच टक्क्यांनी चुकतो. पीएचच्या भाषेत हा फरक ०.०१ चा. साध्या पीएच मीटरवरचा शेवटचा अंकही तेवढाच असतो. म्हणजे मीटरला जो फरक दिसणार नाही, तो गणितात सोडून द्यायला हरकत नाही.

असेटिक आम्ल ०.१० मोलर असताना सी ÷ केए साडेपाच हजारांच्या वर जातं, तिथे बिनधास्त वर्गमूळ काढा. क्लोरोअसेटिक आम्लाचा केए १.४ × १०⁻³ आहे. ०.०१० ला त्याने भागलं तर जेमतेम ७. इथे सूत्र चालणार नाही हे आकडेमोडीआधीच दिसतं. तरीही वर्गमूळ काढलं तर क्ष = ३.७४ × १०⁻³, म्हणजे ३७ टक्के विचरण आणि पीएच २.४३. सदतीस टक्क्यांना नगण्य म्हणणं हास्यास्पद आहे, आणि ते शेवटची ओळ लिहिण्याआधी स्वतःच्या वहीत दिसायला हवं.

वर्गसमीकरण सोडवलंत तर क्ष = ३.११ × १०⁻³ आणि पीएच २.५१. उत्तरसूची बरोबर आहे. पण मला वर्गसमीकरणापेक्षा दुसरी पद्धत आवडते. मिळालेला ३.७४ × १०⁻³ फेकून देऊ नका, तो छेदात घाला: ०.०१० − ०.००३७४ = ०.००६२६. याला केएने गुणून वर्गमूळ काढा, २.९६ × १०⁻³ येतो. हा आकडा पुन्हा छेदात घाला: ३.१४ × १०⁻³. पुढे ३.१०, मग ३.११, आणि तिथेच थांबतो. उत्तर एकदा जास्त, एकदा कमी असं करत खऱ्या किमतीवर येऊन टेकतं. या पद्धतीचा मोठा फायदा असा की वर्गसमीकरणाच्या सूत्रात चिन्ह चुकलं तर चूक शेवटपर्यंत लपून राहते. इथे एखादी फेरी चुकली तर पुढची फेरी ती सावरून घेते.

याच ठिकाणी आणखी एक घोटाळा होतो. सामर्थ्य आणि संहती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केए आम्लाचा स्वभाव सांगतो; बाटलीत ते किती ओतलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. असेटिक आम्लाचा केए १.८ × १०⁻⁵, फॉर्मिक आम्लाचा त्याच्या दहापट, १.८ × १०⁻⁴. असेटिकच्या मिथिल गटातला एक हायड्रोजन काढून क्लोरीन बसवला की क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, प्रोटॉन गेल्यावर उरणारा ऋण आयन जास्त स्थिर होतो आणि केए जवळजवळ ऐंशीपट वाढतो. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा केए ६.८ × १०⁻⁴ च्या आसपास, म्हणजे कागदोपत्री तेही सौम्यच. पण ते काचेला खातं आणि त्वचेतून आत शिरून भयंकर इजा करतं. केए बघून कोणी हातमोजे काढू नयेत.

५ टक्के असेटिक आम्ल असलेलं व्हिनेगर घ्या. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम म्हणजे सुमारे ०.८३ मोलर, पीएच २.४ च्या जवळ. त्यात पाणी घालून ते दहापट विरल केलं तर पीएच एकाने वाढेल असं मुलांना वाटतं, कारण हायड्रोक्लोरिक आम्लाबाबत तसं होतं. प्रत्यक्षात तो अर्ध्यानेच वाढतो. क्ष हा संहतीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, आणि दहाच्या वर्गमुळाचा लॉग ०.५. विरल करताना रेणूंचा जास्त वाटा विचरण पावतो आणि आम्लता घटण्याची काही प्रमाणात भरपाई होते. केए जागचा हलत नाही.

हे १८८८ मध्ये विल्हेल्म ओस्टवाल्डने सूत्रात मांडलं. विचरणाचं प्रमाण अल्फा धरलं तर केए = सी × अल्फा² ÷ (१ − अल्फा). त्या काळात पीएच मीटर नव्हता. अल्फा मोजायचा तो द्रावणाच्या विद्युतवाहकतेवरून. सगळं आम्ल विचरण पावलं असतं तर मोलर वाहकता किती झाली असती, आणि प्रत्यक्षात किती आहे, यांचा भागाकार म्हणजे अल्फा.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या मॅकइनेस आणि शेडलोव्स्की यांनी असेटिक आम्लासाठी ही मोजमापं फार काटेकोरपणे केली. पूर्ण विचरणाची मोलर वाहकता सुमारे ३९०.७ (सीमेन्स सेंमी² प्रति मोल) धरा; पुढचे आकडेही याच एककांत. ०.१० मोलर द्रावणाची त्यांनी मोजलेली वाहकता ५.२०१, म्हणजे अल्फा १.३३ टक्के. तुमच्या पीएच २.८८ वरून निघतो तोच आकडा, अगदी वेगळ्या वाटेने. ०.००१०२८ मोलरला ४८.१५, अल्फा १२.३ टक्के. आणि ०.००००२८ मोलरला २१०.४, अल्फा जवळजवळ ५४ टक्के. म्हणजे पुरेसं पाणी घातलं तर हे ‘सौम्य’ आम्लही अर्ध्याहून जास्त विचरण पावतं. ओस्टवाल्डच्या सूत्रात घातल्यावर केए अनुक्रमे १.८० × १०⁻⁵, १.७८ × १०⁻⁵ आणि १.७६ × १०⁻⁵ येतो.

संहती साडेतीन हजारपट बदलली आणि केए दोन टक्के सरकला. हे बघून मी तरी ओस्टवाल्डला सलाम करतो. पण तो सरकला हेही खरं. आयन एकमेकांना ओढतात, त्यामुळे संहती आणि प्रत्यक्ष परिणामकारक संहती यांत थोडा फरक पडतो. त्याची दुरुस्ती केल्यावर त्या दोघांनी १.७५ × १०⁻⁵ ही किंमत दिली. पीकेएच्या (केएच्या ऋण लॉगच्या) भाषेत ४.७६. एका पुस्तकात १.७५, दुसऱ्यात १.७६ आणि तिसऱ्यात १.८ का दिसतो, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

आता प्रॅक्टिकलचा प्रश्न. पीएच २.७२ म्हणजे क्ष = १.९१ × १०⁻³, आणि केए ३.७ × १०⁻⁵. मीटर बिघडलाय असं लगेच म्हणू नका, पण शंका तिथूनच सुरू करा. केएमध्ये क्ष चा वर्ग येतो, त्यामुळे पीएचमधली चूक दुप्पट होऊन उतरते. पीएच ०.०१ ने चुकला तर केए साधारण ४.७ टक्क्यांनी, ०.०२ ने चुकला तर ९ ते १० टक्क्यांनी. म्हणजे वहीत क्ष वजा करायचा की नाही यावरून जो सव्वा टक्क्याचा वाद झाला, तो मीटरच्या चुकीपुढे किरकोळ आहे. (तरीही वजा करा. फुकट आहे.) पण इथे ०.१६ चा फरक आहे. पीएच ४ आणि ७ च्या ताज्या बफरवर (ठरावीक पीएच टिकवून धरणाऱ्या द्रावणांवर) मीटर लावून घेतला असेल तर इतका फरक सहसा पडत नाही.

माझा संशय भांड्यांवर आहे. तुमच्या आधीच्या बॅचला हायड्रोक्लोरिक आम्लाचं टायट्रेशन होतं का, विचारून बघा. १०० मिलिलिटर असेटिक द्रावणात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिकचा फक्त १ मिलिलिटर राहिला तर तीव्र आम्लाची संहती ०.००१ मोलर होते. दिसायला एक टक्का. पण असेटिक आम्ल स्वतः जेमतेम ०.००१३ मोलर हायड्रोनियम देत होतं, त्यात बाहेरून ०.००१ ची भर पडली. असेटिकचं विचरण थोडं मागे हटतं, क्ष ०.००१३ वरून ०.०००९१ वर येतो, आणि एकूण हायड्रोनियम ०.००१९१ मोलर होतात. पीएच २.७२. तुमचाच आकडा. एकाच पीएचवरून केए काढायची पद्धत इतकी हळवी आहे, आणि म्हणून प्रयोगासाठी मला ती मुळीच पसंत नाही. गणित शिकवायला ठीक.

प्रयोगशाळेत केए हवा असेल तर अर्ध्या उदासिनीकरणाची पद्धत वापरा. ठरावीक आम्ल फ्लास्कमध्ये घ्या, फिनॉल्फ्थॅलिन हा रंग बदलणारा दर्शक घालून सोडियम हायड्रॉक्साइडने फिकट गुलाबी रंग येईपर्यंत टायट्रेट करा आणि लागलेलं आकारमान नोंदवा. मग तेवढंच आम्ल नव्याने घेऊन त्यात बरोबर निम्मं हायड्रॉक्साइड घाला आणि पीएच मोजा. निम्मं आम्ल ए⁻ झालेलं, निम्मं एचए उरलेलं. समीकरणात [ए⁻] आणि [एचए] एकमेकांना काटतात आणि केए = [हायड्रोनियम] एवढंच राहतं. मीटरवर दिसतो तोच पीकेए, असेटिकसाठी ४.७५ च्या आसपास.

यात आम्लाची संहती माहीतच असावी लागत नाही, हायड्रॉक्साइडचीही नाही. पीएचमधली चूक दुप्पट न होता आहे तेवढीच उतरते. शिवाय इथला पीएच बफरचा असल्याने मीटरचा काटा स्थिर राहतो. मघाशी एक टक्का हायड्रोक्लोरिकमुळे केए दुप्पट झाला होता. तीच भेसळ या पद्धतीत पीकेए फक्त ०.०१ ने हलवते. फिनॉल्फ्थॅलिनच्या जागी मिथिल ऑरेंज मात्र घालू नका. त्याचा रंग ३.१ ते ४.४ मध्येच बदलतो, म्हणजे अर्ध्या वाटेवर पोचायच्या आधीच.

आता दोन्ही टोकं, जिथे पीएचवरून केए काढणं मोडतं.

एक टोक जवळजवळ तीव्र आम्लांचं. ट्रायक्लोरोअसेटिक आम्लाचा केए ०.२२ घेतला तर ०.०१० मोलर द्रावणाचा पीएच सुमारे २.०२ यायला हवा. मीटरने २.०१ दाखवला तर केए ०.४२ निघतो, २.०३ दाखवला तर ०.१३. छेदात ०.०१० मधून ०.००९८ वजा होतात, आणि अशा जवळजवळ सारख्या आकड्यांच्या वजाबाकीत मोजमापाची छोटी चूक प्रचंड फुगते. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांत सामर्थ्य कोणाचं जास्त हे पाण्यातल्या पीएचवरून सांगताच येत नाही, त्याचंही कारण हेच. दोन्ही पूर्ण विचरण पावतात, दोघांचा पीएच सारखाच.

दुसरं टोक अतिसौम्य आणि अतिविरल आम्लांचं. कॅरमच्या पावडरीत वापरतात त्या बोरिक आम्लाचा केए ५.८ × १०⁻¹⁰ आहे. (ते स्वतःचा प्रोटॉन देत नाही, पाण्याकडून हायड्रॉक्साइड घेतं. पण गणित तेच राहतं.) १०⁻⁵ मोलर द्रावणाला वर्गमुळाचं सूत्र लावा: क्ष = ७.६ × १०⁻⁸, पीएच ७.१२. आम्ल घालून पाणी आम्लारिधर्मी झालं! इथे क्ष नगण्य आहे की नाही हा मुद्दाच नाही, तो नगण्यच आहे. राहून गेलंय ते पाण्याचं स्वतःचं विचरण. ते धरलं की हायड्रोनियम = √(केए × सी + १०⁻¹⁴), म्हणजे १.२६ × १०⁻⁷ आणि पीएच ६.९०.

यातला १०⁻¹⁴ हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे. ४० अंशांना तो जवळजवळ तिप्पट होतो आणि उदासीन पाण्याचा पीएचच ६.७७ च्या आसपास येतो. मे महिन्यात विदर्भात प्रॅक्टिकल करत असाल तर हे ध्यानात ठेवा. आणि बोरिक आम्लाचा तो ६.९० मोजायला जाऊ नका. उघड्या बीकरमध्ये ठेवलेलं शुद्ध पाणीसुद्धा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ५.६ च्या आसपास उतरतं.